बाटलीवरची बारीक ओळ



भातकुलीहून आलेले एक पत्र गेला आठवडाभर माझ्या मेजावर आहे. पत्र लिहिणाऱ्या ताई आपल्या सासऱ्यांची शुश्रूषा करतात. सासरे एकाहत्तर वर्षांचे. आयुष्यभर शेती केली आणि जवळजवळ आयुष्यभर खर्रा खाल्ला. दोन वर्षांपूर्वी गालाच्या आतल्या बाजूच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली, मग किरणोपचार झाले. आता गाठ पुन्हा उद्भवली आहे आणि या वेळी शस्त्रक्रिया करता येणार नाही, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. अशात शहरात शिकणाऱ्या पुतण्याने मोबाइलवर दोन गोष्टी पाठवल्या. एक बातमी, की एका प्रतिपिंडाच्या टोचणीने उंदरांच्या अंगावरील कर्करोगाच्या गाठी विरघळल्या. दुसरे, एका लहानशा बाटलीचे छायाचित्र. बाटलीवर नाव होते ‘अँटी-माऊस पीडी-१’. बातमीतही पीडी-१ हेच नाव होते, आणि रुग्णालयाने सांगितलेल्या इंजेक्शनच्या मानाने बाटली पुष्कळ स्वस्त दिसत होती.

ताई विचारतात, ‘ही बाटली मागवून इथल्याच डॉक्टरांकडून टोचून घेता येईल का? की दोन एकर वावर विकून मोठ्या रुग्णालयातले इंजेक्शन घ्यावे? मामंजी म्हणतात, माह्यापायी वावर इकू नोका.’

पहिल्या प्रश्नाचे उत्तर एका शब्दाचे आहे: नाही. ती बाटली कोणत्याही परिस्थितीत माणसाला टोचायची नाही. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देता येणार नाही. मात्र दोन्ही उत्तरांमागचे कारण समजून घेतले, तर केवळ या घरालाच नव्हे, ‘उंदरांवर गुण आला’ अशी बातमी वाचून ज्यांच्या मनात आशा जागते त्या प्रत्येक घराला त्याचा उपयोग होईल. म्हणून आजचे सदर या एका बाटलीसाठी.

एकाच जातीचे प्रतिपिंड

शरीरात रोगजंतू शिरला की रक्तातील काही पेशी त्याच्याविरुद्ध प्रथिने तयार करतात. त्यांना आपण प्रतिपिंडे म्हणतो. नैसर्गिकरीत्या तयार होणारी ही प्रतिपिंडे एकजिनसी नसतात. जंतूच्या निरनिराळ्या भागांना चिकटणारी, कमी-अधिक जोराची, अशी ती संमिश्र सेना असते. सर्पदंशावर दिले जाणारे इंजेक्शन आपल्या भागात सर्वांना ठाऊक आहे. ते घोड्याच्या रक्तातील अशाच मिश्र प्रतिपिंडांपासून तयार होते.

१९७५ साली केंब्रिज येथे जॉर्ज कोलर आणि सेझार मिलस्टाइन या दोन शास्त्रज्ञांनी यापुढचे पाऊल टाकले. मेंढीच्या तांबड्या रक्तपेशी टोचलेल्या उंदराच्या प्लीहेतून त्यांनी प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशी घेतल्या. या पेशी शरीराबाहेर काही दिवसांतच मरतात. म्हणून त्यांचा संयोग त्यांनी उंदराच्याच एका कर्करोगी पेशीशी घडवून आणला, कारण कर्करोगी पेशी काचेच्या भांड्यातही अखंड वाढत राहते. या संकरातून जन्मलेली पेशी एकच एक प्रतिपिंड बनवत होती, आणि ते कितीही काळ बनवू शकत होती. एका पेशीच्या वंशातून आलेले म्हणून त्याला मोनोक्लोनल प्रतिपिंड म्हणतात. १९८४ साली या दोघांना नील्स येर्ने यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले.

या शोधाचा पहिला मोठा लाभ औषधांना नव्हे, तपासणीला झाला. असंख्य रेणूंच्या गर्दीतून नेमका एक रेणू ओळखणारे साधन वैद्यकाच्या हाती आले. हिवतापाची बोटभर पट्टी आणि गर्भधारणेची घरगुती चाचणी याच साधनावर चालतात. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने तयार केलेल्या डेंग्यूच्या तपासणी संचातही मोनोक्लोनल प्रतिपिंडेच वापरलेली आहेत. कर्करोगाच्या तुकड्याची तपासणी करताना पॅथॉलॉजिस्ट जे विशेष रंगकाम करतात, तेही बहुधा उंदराच्या किंवा सशाच्या प्रतिपिंडांनी होते. प्रयोगशाळेतील अशा साधनद्रव्याला रिएजंट म्हणतात. ताईंच्या पत्रातील बाटली ही रिएजंटची बाटली आहे. ते औषध नाही.

उंदरापासूनचे आणि उंदरासाठीचे

येथे एक गोंधळ दूर केला पाहिजे, कारण सुशिक्षितही त्यात अडकतात. ‘उंदरापासून मिळालेले प्रतिपिंड’ आणि ‘उंदराविरुद्धचे प्रतिपिंड’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पहिल्या प्रकारात उंदीर हा निर्माता असतो. त्याच्या पेशींनी बनवलेले प्रतिपिंड माणसाच्या एखाद्या रेणूला किंवा एखाद्या विषाणूला चिकटते. पिसाळलेला कुत्रा चावल्यावर लसीसोबत जखमेत देण्यासाठी ‘ट्विनरॅब’ नावाचे औषध भारतात मिळते. त्यातील दोन्ही प्रतिपिंडे उंदराच्या पेशींपासून आलेली आहेत. रीतसर चाचण्या आणि परवानगी यांच्या वाटेने ती माणसापर्यंत पोहोचली.

दुसऱ्या प्रकारात उंदीर हे लक्ष्य असते. ‘अँटी-माऊस पीडी-१’ म्हणजे उंदराच्या शरीरातील पीडी-१ या रेणूला चिकटणारे प्रतिपिंड. उंदराचे शरीर स्वतःच्याच रेणूविरुद्ध सहसा प्रतिपिंड बनवत नाही. म्हणून अशी प्रतिपिंडे बहुधा रॅट म्हणजे थोराड जातीचा उंदीर, किंवा हॅम्स्टर नावाचा प्राणी, यांच्या पेशींपासून बनवतात.

ती उंदराच्या पीडी-१ वर घट्ट बसतात. माणसाच्या पीडी-१ चे नाव तेच असले तरी घडण वेगळी आहे, आणि त्यावर ही प्रतिपिंडे नीट बसतही नाहीत. उलट बाजूनेही तसेच आहे. निव्होलुमॅब हे माणसासाठीचे औषध उंदराच्या पीडी-१ ला चिकटत नाही.

आपल्या खारपाणपट्ट्यातील वाचकाला हे समजावून सांगायला नकोच. विहिरीत पाणी दिसले म्हणून ते गोडे असते असे नाही. सोयाबीनमधले तणनाशक कपाशीवर फवारले तर काय होते, हेही शेतकऱ्याने पाहिलेले असते. डब्यावर ‘तणनाशक’ हा शब्द असतोच, पण कोणत्या पिकासाठी हे बारीक अक्षरात असते.

बाटलीतल्या द्रव्याचे खरे काम

मग संशोधक ही प्रतिपिंडे वापरतात कशासाठी? मुख्यतः तीन कामांसाठी.

पहिले काम ओळखण्याचे. प्रतिपिंडाला चमकणारा रंग जोडून ते पेशींवर सोडले की कोणती पेशी कोणत्या जातीची हे कळते आणि त्यांची मोजदाद करता येते. उंदराच्या गाठीत मारक टी-पेशी किती शिरल्या, हे असेच मोजतात.

दुसरे काम वगळण्याचे. एखादे औषध उंदरावर लागू पडले, पण ते कोणत्या पेशींमुळे? हे शोधण्यासाठी संशोधक एका विशिष्ट जातीच्या पेशींना चिकटणारे प्रतिपिंड टोचून त्या पेशी उंदराच्या शरीरातून जवळजवळ नाहीशा करतात आणि मग औषध देऊन पाहतात. गुण येईनासा झाला, तर श्रेय त्या पेशींचे.

तिसरे काम अडवण्याचे. पीडी-१ हा टी-पेशीवरचा ब्रेक आहे. शरीराने स्वतःवरच हल्ला करू नये म्हणून निसर्गाने तो ठेवला आहे. कर्करोगाच्या गाठी पुष्कळदा हाच ब्रेक दाबून धरतात. प्रतिपिंडाने पीडी-१ झाकला की ब्रेक सुटतो आणि टी-पेशी गाठीवर तुटून पडतात. बातमीतल्या उंदरांत झाले ते हेच.

चांगल्या प्रयोगात आणखी एक खबरदारी असते. उंदरांच्या दुसऱ्या गटाला तशाच घडणीचे, पण शरीरातील कशालाच न चिकटणारे प्रतिपिंड देतात. दोन्ही गटांतील फरक दिसला तरच परिणाम खरा मानतात. ही खबरदारी विज्ञानाचा प्रामाणिकपणा आहे, आणि बातमीत तिचा उल्लेख क्वचितच येतो.

आता ज्या उंदरावर प्रयोग झाला तो उंदीर पाहा. वजन वीस-पंचवीस ग्रॅम. वय बहुधा दोन-तीन महिने, म्हणजे ऐन तारुण्य. पिंजऱ्यातील सगळे उंदीर जुळ्या भावंडांसारखे एकाच आनुवंशिक वाणाचे. राहणे निर्जंतुक, खाणे मोजून. गाठदेखील बाहेरून रुजवलेली, काही दिवसांची. त्याच्या शेजारी एकाहत्तर वर्षांचा माणूस ठेवा: रक्तदाबाची गोळी चालू, साखर वाढलेली, तोंड उघडत नाही म्हणून अन्न कमी आणि म्हणून वजन घटलेले, गाठ अनेक महिन्यांची. उंदरावरील निष्कर्ष खोटा नसतो. तो त्या उंदरापुरता खरा असतो.

म्हणूनच अशा बाटल्यांवर एक बारीक ओळ छापलेली असते: ‘केवळ संशोधनासाठी, मानवी उपचारासाठी नाही.’ ही ओळ कायद्यातून सुटण्यासाठी टाकलेली पळवाट समजू नये. माणसाला टोचण्याच्या औषधावर निर्जंतुकतेच्या आणि शुद्धतेच्या ज्या कसोट्या लावतात, त्या या बाटलीवर लावलेल्या नसतात. काही रिएजंटच्या बाटल्यांत टिकण्यासाठी सोडियम अझाइड हे विषारी द्रव्य मिसळलेले असते. शिवाय परक्या प्राण्याचे प्रथिन शिरेतून गेल्यावर तीव्र अ‍ॅलर्जी होऊन जीव धोक्यात येऊ शकतो. लाभाची शक्यता जवळजवळ नाही आणि अपायाची मात्र आहे, असा हा व्यवहार आहे.

पिंजऱ्यापासून रुग्णशय्येपर्यंतची वाट

मग उंदरांवरील प्रयोग निरुपयोगी आहेत का? मुळीच नाहीत. १९९६ साली अमेरिकेत जेम्स अ‍ॅलिसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीटीएलए-४ या टी-पेशीवरच्या दुसऱ्या एका ब्रेकविरुद्धचे प्रतिपिंड उंदरांना टोचले आणि गाठी नाहीशा झाल्याचे दाखवले. मात्र ते प्रतिपिंड रुग्णाला कोणी दिले नाही. त्यातून कल्पना घेतली, आणि माणसाच्या सीटीएलए-४ साठी वेगळे प्रतिपिंड नव्याने घडवले. त्याला, म्हणजे इपिलिमुमॅबला, अमेरिकेत परवानगी मिळाली २०११ साली. उंदरापासून औषधापर्यंत पंधरा वर्षे गेली. पीडी-१ शोधणारे जपानचे तासुकु होंजो आणि अ‍ॅलिसन यांना २०१८ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

ही पंधरा वर्षे उगाच दवडलेली नव्हेत. उतावीळपणाची किंमत काय असते, याचे उदाहरण २००६ सालचे आहे. लंडनमध्ये टीजीएन-१४१२ नावाचे प्रतिपिंड प्रथमच माणसांना देण्यात आले. प्राण्यांवर ते निर्धोक ठरले होते आणि माणसांना दिलेली मात्रा प्राण्यांच्या मात्रेच्या मानाने अत्यल्प होती. तरीही औषध मिळालेल्या सहाही निरोगी तरुणांची प्रकृती काही तासांत गंभीर झाली आणि अनेक अवयव निकामी होऊ लागले. अतिदक्षता विभागातील उपचारांनी सर्वजण वाचले. हे रीतसर परवानगी घेऊन, डॉक्टरांच्या डोळ्यांदेखत, रुग्णालयात झाले म्हणून वाचले. घरी मागवलेल्या बाटलीपाशी असे कोणी उभे नसते.

मुंबईतून आलेली बातमी

आता दुसरा प्रश्न. निव्होलुमॅबसारखी, माणसाच्या पीडी-१ वर बसणारी औषधे खरोखर आहेत. पूर्ण मात्रेतील उपचाराचा खर्च आपल्याकडील बहुसंख्य कुटुंबांच्या आवाक्याबाहेर असतो, हेही खरे. नेमकी हीच अडचण समोर ठेवून मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील डॉक्टरांनी एक अभ्यास केला. त्याचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. डोके आणि मान या भागांतील, म्हणजे तोंड-घसा इत्यादींच्या, पुढच्या टप्प्यातील कर्करोगाचे १५१ रुग्ण त्यात होते. एका गटाला मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब आणि एर्लोटिनिब ही पोटात घ्यायची औषधे दिली. दुसऱ्या गटाला तीच औषधे आणि त्यासोबत दर तीन आठवड्यांनी केवळ २० मिलिग्रॅम निव्होलुमॅब दिले. ही मात्रा नेहमीच्या मात्रेच्या एक-दशांशाहूनही कमी आहे.

एका वर्षानंतर पहिल्या गटातील १६.३ टक्के रुग्ण हयात होते, दुसऱ्या गटातील ४३.४ टक्के. गंभीर दुष्परिणामांचे प्रमाण अल्प मात्रेच्या इंजेक्शनामुळे वाढलेले दिसले नाही.

हे आकडे सावकाश वाचावेत. शंभरांतील सोळांऐवजी त्रेचाळीस जण वर्ष पाहतात, ही मोठी गोष्ट आहे. पण सत्तावन्न जण पाहत नाहीत, हेही त्याच आकड्यात लिहिलेले आहे. हा उपचार रोग मुळातून काढण्यासाठी नव्हता. आयुष्य वाढवण्यासाठी आणि त्रास कमी करण्यासाठी होता. जमीन विकण्याचा निर्णय घेणाऱ्या कुटुंबाला ही दोन्ही वाक्ये एकत्र सांगितली गेली पाहिजेत. पहिलेच सांगितले तर ती फसवणूक होईल, आणि दुसरेच सांगितले तर रुग्णावर अन्याय.

तेव्हा ताई, वावर विकण्याआधी सासऱ्यांचे सर्व कागद, तुकड्याच्या तपासणीचा अहवाल आणि स्कॅन घेऊन कर्करोगतज्ज्ञांना भेटा. भातकुलीहून नागपूरचे राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय मुंबईपेक्षा बरेच जवळ आहे. तेथे किंवा आपल्या नेहमीच्या तज्ज्ञांना पुढील प्रश्न विचारा. हे प्रश्न इतर वाचकांनीही कात्रण करून ठेवावेत.

१. हे औषध माणसांवर, आमच्यासारख्या रुग्णांवर, याच जागेच्या कर्करोगात तपासले गेले आहे का? की निष्कर्ष प्राण्यांवरील आहेत?

२. उद्देश रोग बरा करण्याचा आहे की आयुष्य वाढवण्याचा? शंभरांतील किती जणांना लाभ होतो?

३. अल्प मात्रेचा उपचार आमच्या रुग्णाला योग्य आहे का? एकूण किती इंजेक्शने, आणि गुण येतो की नाही हे कधी कळेल?

४. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून या उपचाराचा कोणता भाग मिळू शकतो? यासाठी रुग्णालयातील आरोग्यमित्रांना प्रत्यक्ष भेटावे.

५. ‘नवीन औषधाच्या चाचणीत घेतो’ असे कोणी म्हटले, तर ती चाचणी भारतीय चिकित्सा-चाचणी नोंदवहीत, म्हणजे सीटीआरआयमध्ये, नोंदलेली आहे का? तिचा क्रमांक काय? आपल्या भाषेतील लेखी माहिती आणि संमतिपत्र मिळाल्याशिवाय सही करू नये. चाचणीतील औषधासाठी पैसे मागणाऱ्यापासून दूर राहावे.

घरी शुश्रूषा करणाऱ्यांसाठी

पीडी-१ चा ब्रेक सोडणारे औषध सुरू झाले, तर ब्रेक सर्वांगात सुटतो हे ध्यानात ठेवावे. प्रतिकारशक्ती कधी कधी स्वतःच्याच फुप्फुसावर, आतड्यावर, यकृतावर किंवा थायरॉइडवर उलटते. नव्याने सुरू झालेला खोकला वा धाप, दिवसातून अनेकदा जुलाब, डोळे पिवळे होणे, अंगभर पुरळ, न ओसरणारा थकवा यांपैकी काहीही दिसले तर ‘वयामुळे असेल’ म्हणून थांबू नये. त्याच दिवशी उपचार करणाऱ्या रुग्णालयाला कळवावे. हे त्रास इंजेक्शनानंतर काही आठवड्यांनी, क्वचित काही महिन्यांनीही सुरू होऊ शकतात. गावातील दुसऱ्या डॉक्टरांकडे जावे लागले, तर ‘रुग्णाला इम्युनोथेरपी दिलेली आहे’ हे वाक्य आधी सांगावे. औषधाच्या नावाची चिठ्ठी रुग्णाच्या खिशात किंवा मोबाइलच्या कव्हरमध्ये असू द्यावी.

इंजेक्शन मिळो वा न मिळो, काही गोष्टी आजपासून करता येतात. वेदना सहन करत राहण्याची गरज नाही. वेदनाशमनाची परिणामकारक औषधे आहेत आणि ती मागणे हा रुग्णाचा हक्क आहे. तोंड दिवसातून अनेक वेळा कोमट मीठ-पाण्याने स्वच्छ करावे. गिळता येत नसेल, तर नळीवाटे अन्न देण्याविषयी वेळीच विचारावे. अशक्तपणा फार वाढल्यावर कोणताच उपचार झेपत नाही. आणि खर्रा आता तरी घरातून पूर्ण बंद व्हावा, सासऱ्यांचा आणि पुतण्याचाही.

शेवटी एक गोष्ट राहते. ताईंच्या तीन पानी पत्रात पुतण्याचे मत आहे, दिरांचे आहे, शेजाऱ्यांचेही आहे. सासऱ्यांचे एकच वाक्य आहे, वावर न विकण्याचे. ते वाक्य उपचार नको म्हणून आहे, की मुलांच्या काळजीपोटी आहे, हे पत्रावरून मला कळत नाही. ते त्यांनाच विचारायला हवे. तज्ज्ञांना भेटून आल्यावर एका निवांत संध्याकाळी त्यांच्याजवळ बसा. काय शक्य आहे, किती शक्य आहे आणि काय शक्य नाही, हे त्यांना त्यांच्या बोलीत सांगा, आणि मग त्यांना काय हवे ते ऐका. सत्तर पावसाळे पाहिलेल्या शेतकऱ्याला अनिश्चिततेची ओळख आपल्यापेक्षा अधिक असते.

पुतण्यावर रागावू नका. त्याने मायेपोटीच शोधाशोध केली. त्याला फक्त एवढे सांगा, की पुढच्या वेळी छायाचित्र पाठवण्याआधी बाटलीवरची ती बारीक ओळ वाच. आणि तज्ज्ञांकडे जाताना त्याला सोबत न्या. वर दिलेले पाच प्रश्न लिहून घेण्याचे आणि उत्तरे टिपण्याचे काम त्याच्याकडे द्या.